वेबसाइटवरच्या जाहिरातींतून पैसे किती मिळतात? चळवळीतल्या तरुणांसाठी सरळ हिशेब



कोडोलीसारख्या मोठ्या गावात १४ एप्रिलची मिरवणूक संपायच्या आत तिचे फोटो शेकडो मोबाइलवर पोचलेले असतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र त्याच मिरवणुकीला दोन ओळी मिळतात, कधी तेवढ्याही नाहीत. मग वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराच्या मनात येते, आपलीच वेबसाइट काढली तर? वारणा खोऱ्यातल्या आणि पन्हाळा तालुक्यातल्या आपल्या लोकांच्या बातम्या, शिष्यवृत्तीच्या तारखा, रमाई आवास योजनेची माहिती, अत्याचाराच्या प्रकरणांचा पाठपुरावा हे सगळे एका ठिकाणी येईल. आणि लगेच दुसरा प्रश्न येतो. याचा खर्च कोण करणार?

यूट्यूबवर या प्रश्नाचे उत्तर देणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. ‘वेबसाइट काढा, गूगलच्या जाहिराती लावा, घरबसल्या लाख रुपये मिळवा’ असे ते सांगतात. अशा आशेवर काही तरुण नोकरीची तयारी सोडून बसतात आणि वर्षभराने निराश होऊन वेबसाइट बंद करतात. तरुणाची उमेद जाते आणि समाजाचा एक आवाजही कमी होतो. म्हणून जाहिरातीचे पैसे नेमके कसे येतात, किती येतात आणि त्यांच्यासोबत काय काय येते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

हा प्रश्न जुना आहे

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तिथे बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिच्यातली जाहिरातीची बाजू आपण फारशी सांगत नाही. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्याच्या हातात छापखाना आणि रकाना, त्याच्याच हातात जाहिरात कुणाची घ्यायची हा निर्णय.

पुढे ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडला. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेला ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये थांबला. बाबासाहेब रकानेच्या रकाने स्वतः लिहीत होते. लिहिणाऱ्याची कमतरता नव्हती. वर्गणीदार कमी होते, आणि गरीब वाचकांच्या पत्राला जाहिरात देणारे तर त्याहून कमी.

आज नकार देणारा संपादक मध्ये राहिलेला नाही. गूगलला आपली जात दिसत नाही, जाहिरात यंत्र लावते. हा मोठा फरक आहे. पण यंत्राचेही नियम असतात, आणि गरीब वाचकाची किंमत कमी धरण्याची जुनी रीत त्या यंत्रातही आहे. ती कशी, ते पाहू.

जाहिरात येते कुठून?

गूगलने २००३ मध्ये ‘अ‍ॅडसेन्स’ ही सेवा सुरू केली. वेबसाइटवाल्याने आपल्या पानावर गूगलने दिलेला छोटा कोड बसवायचा. वाचक पान उघडतो त्या क्षणी त्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. पानावर काय लिहिले आहे, वाचक कुठल्या भागातला आहे, त्याने आधी काय शोधले होते, हे पाहून जाहिरातदारांच्या वतीने यंत्रच बोली लावते. जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. त्यामुळे एकच बातमी वाचताना तुम्हाला कोल्हापुरातल्या दुचाकीची जाहिरात दिसेल आणि पुण्यातल्या तुमच्या बहिणीला फ्लॅटची.

पैशाची वाटणी अशी. जाहिरातदाराने १०० रुपये खर्च केले, तर त्यातले सरासरी १५ रुपये जाहिरात विकणारी गूगलचीच बाजू ठेवते. उरलेल्या ८५ चे ८० टक्के, म्हणजे सुमारे ६८ रुपये वेबसाइटवाल्याला मिळतात. पूर्वी बहुतेक पैसे क्लिकवर मिळत. २०२४ पासून अ‍ॅडसेन्समध्ये जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे मोजले जातात.

मराठी पानाचा दर कमी का?

दर ठरतो तो लिलावात. वाचक काही विकत घेईल अशी आशा जितकी जास्त, तितकी बोली मोठी. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या वाचकासाठी जाहिरातदार जे मोजतो, त्याच्या मानाने पन्हाळा तालुक्यातल्या वाचकासाठी फारच कमी मोजतो. इंग्रजीतल्या विमा, कर्ज, सॉफ्टवेअर अशा विषयांवर बोली लावणारे पुष्कळ असतात. मराठीत धम्म, आरक्षण किंवा अत्याचार यांवरच्या लेखाशेजारी जागा घ्यायला फारसे कोणी धावत नाही. त्यातही मारहाण, रक्त, हत्या असे वर्णन असलेल्या पानांवर अनेक मोठ्या कंपन्या आपली जाहिरात येऊच देत नाहीत. म्हणजे आपल्या दृष्टीने सर्वांत गरजेची बातमी बाजाराच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त ठरते.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. कोडोलीतल्या चार मित्रांनी वेबसाइट काढली आणि मेहनत करून रोज १,००० पाने वाचली जाऊ लागली. महिन्याला ३०,००० पाने झाली. हजार पानांमागे अर्धा डॉलर मिळाला असे धरले, तर महिन्याचे १५ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर १,२७५ रुपये. गूगल १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. म्हणजे पहिली रक्कम जमायलाच सात महिने. चौघांत वाटली तर दरमहा प्रत्येकी सव्वातीनशे रुपयेसुद्धा येत नाहीत.

हा हिशेब पाहून नाउमेद होऊ नका. वेबसाइटचे नाव आणि होस्टिंग यांचा वर्षाचा खर्च काही हजारांत भागतो. तो खर्च जाहिरातींतून सुटू शकतो. गूगलच्याच ‘ब्लॉगर’वर सुरुवात केली तर होस्टिंगचा खर्चही नाही आणि तिथेही जाहिरात लावता येते. जाहिरातीच्या पैशाकडून एवढीच अपेक्षा ठेवा: वेबसाइट आपला खर्च आपण भागवील. घरखर्च त्यावर चालवायची स्वप्ने पाहू नका.

खात्यापासून बँकेपर्यंत

अ‍ॅडसेन्स मराठी मजकुराला चालते. अर्ज फुकट आहे. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो फसवत आहे. अर्जदाराचे वय १८ पूर्ण हवे. मजकूर स्वतःचा हवा. दुसऱ्या पोर्टलची बातमी उचलून टाकणाऱ्या साइटला मंजुरी मिळणे अवघड, आणि मिळाली तरी टिकत नाही. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ आणि वाचकांच्या माहितीचे काय होते हे सांगणारे गोपनीयता धोरण, ही तीन पाने आधी तयार ठेवा.

खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी गूगल साध्या टपालाने एक पिन पाठवते. गावात इथेच अनेकांचे घोडे अडते. पत्त्यात वस्ती, गल्ली, जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहा, पोस्टमनला आधी सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. अमेरिकेच्या करासंबंधीचा एक अर्जही खात्यातच ऑनलाइन भरावा लागतो.

पैसे डॉलरमध्ये निघतात आणि बँकेत रुपये होऊन येतात. साधारणपणे महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान ते पाठवले जातात. पतसंस्थेचे खाते यासाठी चालत नाही. परदेशातून पैसे स्वीकारणाऱ्या बँकेचे खाते हवे. शाखेत जाऊन ‘स्विफ्ट कोड’ विचारा आणि परदेशी रकमेवर किती शुल्क कापता तेही विचारा. अ‍ॅडसेन्समधले नाव आणि बँक खात्यातले नाव अक्षरशः एकच असू द्या. हे पैसे उत्पन्न म्हणून आयकर विवरणपत्रात दाखवावे लागतात, रक्कम लहान असली तरी नोंद ठेवा.

प्रेमापोटी होणारी चूक

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. वेबसाइट सुरू झाली की कुणीतरी भाबडेपणाने ग्रुपवर लिहितो, ‘समाजाची साइट आहे, प्रत्येकाने रोज पाच जाहिरातींवर क्लिक करा.’ हेतू चांगला असतो. पण हीच गोष्ट खाते बंद पाडते. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणे, मित्रांना करायला लावणे, क्लिक करा असे साइटवर लिहिणे, पैसे देऊन वाचकसंख्या फुगवणे, हे सगळे नियमांत बसत नाही. बनावट क्लिक यंत्राच्या लक्षात येतात. जमलेले पैसे जाहिरातदाराला परत जातात आणि एकदा बंद झालेले खाते पुन्हा मिळवणे फार कठीण असते. सात महिन्यांची मेहनत एका मेसेजने वाया जाते.

मदत करायची असेल तर दुसरा मार्ग आहे. बातमी कॉपी करून ग्रुपवर टाकू नका, स्क्रीनशॉटही टाकू नका. दोन ओळी आणि लिंक टाका. अख्खा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला गेला तर वेबसाइटवर कुणी येत नाही. आपण आपल्याच माणसाचे वाचक अडवतो, आणि वर ‘खूप व्हायरल झाले’ म्हणून अभिनंदनही करतो.

१४ एप्रिल, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर, १ जानेवारी या दिवशी वाचकांची गर्दी होते. पण वर्षभर वाचक येतात ते गूगलवर शोधत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, स्वाधार योजनेला कागदपत्रे कोणती, बार्टीचे प्रशिक्षण कुणासाठी, जात पडताळणीत अर्ज का अडतो, अशा प्रश्नांची सोप्या मराठीत, तपासून लिहिलेली उत्तरे वर्षानुवर्षे वाचली जातात. इथे समाजाची गरज आणि वेबसाइटची कमाई एकाच वाटेने जातात. अट एवढीच की तारखा आणि नियम बदलले की मजकूरही बदलायचा.

२२ प्रतिज्ञांशेजारी वशीकरण

कल्पना करा, तुम्ही २२ प्रतिज्ञांवर मन लावून लेख लिहिला आणि त्याच्याच खाली जाहिरात आली, ‘वशीकरण, २४ तासांत निकाल.’ यंत्राला प्रतिज्ञा कळत नाहीत. त्याला फक्त बोली कळते. वाचकाला मात्र वाटते की हे तुम्हीच छापले.

यावर उपाय आहे. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात नको असलेल्या जाहिराती रोखण्याची सोय असते. काळी जादू आणि ज्योतिष, झटपट श्रीमंतीच्या योजना असे अख्खे प्रकार बंद करता येतात. एखादी विशिष्ट कंपनीही रोखता येते. असे केल्याने लिलावात बोली लावणारे कमी होतात आणि उत्पन्न थोडे घटते. ती घट सोसायची. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले. आपल्या पानावर भोंदूबाबाला भाड्याने जागा देऊन त्याच कायद्यावर आपण लेख लिहू शकत नाही.

काय घ्यायचे आणि काय नाही, यासाठी आपल्याला बाहेरचे नियम शोधायला नकोत. सम्यक आजीविका सांगताना तथागतांनी उपासकाला पाच व्यापार टाळायला सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा आणि माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आजच्या भाषेत या यादीशेजारी जुगाराचे अ‍ॅप, वाटेल त्या व्याजाने कर्ज देऊन मग बदनामीची धमकी देणारे अ‍ॅप, गुटखा आणि दैवी उपचार मांडता येतील. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्येच केला आहे. असल्या जाहिरातीसाठी थेट फोन आला तर मोह नको, तो कायद्याचाही भंग ठरेल.

मोह दुसऱ्या बाजूनेही येतो. जितकी पाने जास्त तितके पैसे जास्त, म्हणून मथळा भडक करावासा वाटतो. अत्याचाराच्या बातमीत रक्ताचा फोटो टाकावासा वाटतो. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावर भाषण करताना पत्रकारितेचा धंदा झाला आहे, अशी खंत मांडली होती. आपण त्यांचे नाव घेऊन तेच करायचे का? बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तिच्या दुःखावर जाहिरात लावणे आपल्याला शोभले नसते. अशा पानावर जाहिरात बंद ठेवता येते. तसा नियमच करा.

गावातले दुकान गूगलपेक्षा जवळ

गूगलच्या पलीकडे एक मार्ग आहे, त्याकडे तरुण दुर्लक्ष करतात. तो म्हणजे थेट स्थानिक जाहिरात. कोडोली आणि वारणानगर हा साखर कारखाना, दूध संघ आणि महाविद्यालयांमुळे गजबजलेला भाग आहे. इथे मोबाइल दुरुस्तीवाला आहे, स्पर्धा परीक्षेचा वर्ग आहे, फोटो स्टुडिओ आहे, मंडप आणि साउंडवाला आहे, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. आपल्यातले अनेक जण आता अशा व्यवसायात उतरले आहेत. दिल्लीच्या कंपनीला पन्हाळ्याचा वाचक स्वस्त वाटतो, पण बसस्टँडजवळच्या दुकानदाराला नेमका तोच वाचक हवा असतो.

पुन्हा हिशेब मांडू. सहा व्यावसायिकांनी दरमहा ४०० रुपये दिले, तर २,४०० रुपये होतात. आपल्या मघाच्या उदाहरणातल्या गूगलच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. ५० वाचकांनी दरमहा ५० रुपये वर्गणी दिली, तर आणखी २,५०० रुपये. यात लिलाव नाही, डॉलर नाही, सात महिने थांबणे नाही. मात्र फिरावे लागते, दुकानदाराला किती लोकांनी पाहिले ते खरे सांगावे लागते आणि महिना संपला की पावती द्यावी लागते.

इथे एक काळजी घ्यायची. निवडणूक जवळ आली की शुभेच्छांचे फलक घेऊन पुढारी येतात. सर्वांना एकच दर ठेवा. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असा शब्द ठळक लिहा. पैसे घेऊन बातमी छापू नका. निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिरातीला जिल्ह्याच्या प्रमाणन समितीची मंजुरी लागते, तिची प्रत मागून घ्या. आणि जाहिरात देणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की तुमच्याविरुद्ध बातमी असेल तर तीही येईल. हे ऐकून जो जाहिरात मागे घेईल, तो बातमी दाबण्यासाठीच आला होता असे समजा.

हिशेब फळ्यावर

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे आणि मनाचाही. आपल्या अनेक मंडळांत फूट पडली ती विचारांवरून कमी आणि हिशेबावरून जास्त. वेबसाइटचे खाते एका मित्राच्या नावावर असते, पैसे थोडे असतात, पण ‘तो कमावतोय’ ही कुजबुज मोठी असते. म्हणून सुरुवातीलाच चौघांनी कागदावर लिहून सह्या करा: डोमेन कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे, पैसे कुठल्या खात्यात, खर्च कुणाच्या संमतीने. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जसा विहारातल्या फळ्यावर लागतो, तसा दर तीन महिन्यांनी वेबसाइटवर जमाखर्च टाका. गूगलकडून किती आले, दुकानदारांकडून किती, वाचकांकडून किती आणि गेले कुठे, हे सगळ्यांना दिसू द्या. उघड्या हिशेबाने वर्गणीही वाढते.

मित्रांनो, जाहिरात हे साधन आहे. ते वापरायला लाजू नका आणि त्याच्यावर विसंबूनही राहू नका. ‘मूकनायक’च्या वेळी जाहिरातीचा दरवाजा आपल्यासाठी बंद होता, आज तो किलकिला उघडला आहे. त्यातून होस्टिंगचा खर्च आत येऊ द्या, भोंदू आणि जुगारी बाहेर ठेवा. बाकीचा भार गावातल्या दुकानदारावर आणि ५० रुपये देणाऱ्या वाचकावर टाका. तो वाचक हेच आपले खरे भांडवल आहे. आपली लिंक आजच चार जणांना पाठवा, आणि त्यातल्या एकाला तरी वर्गणी मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!